द्राक्षाच्या घडावर सत्तावीस देशांचा कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी पदराआड हसल्या, ते मी पाहिले. सातवी शिकलेल्या बाईने युरोपच्या राज्यकारभारावर बोलायचे म्हणजे हसू येणारच! पण मी काही त्या विषयाच्या शोधात गेले नव्हते. तो विषय आपणहून आमच्या माहेरच्या बागेत आला आणि वहिनीच्या पाटल्या घेऊन गेला.

माझे माहेर पिंपळगाव बसवंतजवळचे. भावाची दीड एकर द्राक्षबाग आहे. २०१० च्या हंगामात त्याचा माल पहिल्यांदा निर्यातीला गेला. घड असे उतरले होते की वहिनीने बागेची दृष्ट काढली. माल न्हावाशेवाहून बोटीने हॉलंडच्या रॉटरडॅम बंदराकडे निघाला आणि पाठोपाठ बातमी आली की भारतातून आलेल्या द्राक्षांत एक औषध प्रमाणाबाहेर सापडत आहे. औषधाचे नाव क्लोरमेक्वॅट क्लोराईड. आमच्याकडे त्याला नुसते सीसीसी म्हणतात. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरावी आणि घड चांगले धरावेत म्हणून ते देत असत. माल पाठवण्यापूर्वी आपल्याकडे ज्या औषधांची तपासणी होई, त्या यादीत हे नव्हतेच. भावाचा तपासणीचा दाखला अगदी स्वच्छ होता.

युरोपची मर्यादा होती एका किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माझ्या भाच्याने हिशेब करून दाखवला : वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. निर्यातदाराने पैसे थांबवले. त्यातले अर्धेमुर्धे हाती यायला दोन वर्षे लागली. विरळणीला आलेल्या बायकांची मजुरी मात्र थांबवता येत नव्हती. ती वहिनीने पाटल्या मोडून चुकती केली.

तेव्हा भाऊ ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारी. "हा कायदा केला कोणी? मला कोणी विचारले होते का?" त्या प्रश्नाच्या मागे मी लागले. भाच्याकडून वाचून घेतले, वाचनालयातून पुस्तके आणली, न समजले ते पुनःपुन्हा विचारले. जे समजले ते सांगते.

युरोपात दोन महायुद्धे झाली, माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये करार करून आपला कोळसा आणि पोलाद एका सामाईक देखरेखीखाली आणले. तोफा ज्याच्या बनतात तेच एकट्याच्या हाती राहू नये, हा विचार. १९५७ मध्ये रोमला दुसरा करार झाला आणि बाजार एक करायचे ठरले. पुढे सभासद वाढत गेले, १९९३ पासून त्याला युरोपीय संघ हे नाव मिळाले आणि आज त्यात सत्तावीस देश आहेत.

पण हे एक राज्य नव्हे. प्रत्येक देशाचे सरकार निराळे, सैन्य निराळे, भाषा तर चोवीस! मग कारभार चालतो कसा? आपल्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर पूर्वापार फडाची पद्धत आहे. ज्या बायकांचे माहेर सटाण्याकडचे आहे त्यांना सांगायला नको. जमीन ज्याची त्याची; पण फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याने पाळीने सोडायचे. माझे शेत आहे म्हणून मी वाटेल तेव्हा बारे उघडीन, असे चालत नाही. युरोपच्या देशांनी आपल्या सत्तेचा काही भाग असाच फडात घातला आहे. ब्रुसेल्सला त्यांचा आयोग आहे, तो कायद्याचा मसुदा मांडतो. देशोदेशीच्या मंत्र्यांची परिषद आणि पार्लमेंट तो मंजूर करतात. पार्लमेंटचे सभासद १९७९ पासून लोकच मते देऊन निवडतात. त्या पहिल्या निवडणुकीनंतर अध्यक्षपदी एक बाई बसल्या, सिमोन व्हेल नावाच्या. कोवळ्या वयात त्यांना हिटलरच्या छळछावणीत टाकले होते. त्या तेथून जिवंत परतल्या आणि त्याच जर्मनीच्या प्रतिनिधींसमोर अध्यक्ष म्हणून बसल्या. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

आणि या सगळ्यांवर लक्झेंबर्गला एक न्यायालय आहे. मला सर्वांत नवल वाटले ते त्याचे. मिलानच्या कोस्टा नावाच्या वकिलाने विजेचे बिल भरायला नकार दिला, कारण सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या आणि ते कराराविरुद्ध आहे असे त्याचे म्हणणे होते. बिल अगदी किरकोळ रकमेचे. पण त्या निमित्ताने १९६४ मध्ये न्यायालयाने सांगितले की देशाचा कायदा आणि संघाचा कायदा यांचा विरोध आला तर संघाचा कायदा वरचढ.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांची. गॅब्रिएल डेफ्रेन ही बेल्जियमच्या विमानातील हवाईसुंदरी. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा तिला पगार कमी, आणि चाळीस वर्षे झाली की बाईने नोकरी सोडायची असा करार. रोमच्या करारात समान कामाला समान वेतन हे कलम १९५७ पासून होते. ते काही बायकांच्या प्रेमाने घातले नव्हते, हो! फ्रान्सला धास्ती होती की शेजारी देश बायकांना कमी मजुरी देऊन माल स्वस्त करतील. कलम कागदावर पडून राहिले. डेफ्रेन ते घेऊन न्यायालयात गेली आणि १९७६ मध्ये निकाल लागला की ते कलम कोणीही बाई सरळ आपल्या देशाच्या न्यायालयात दाखवू शकते. त्याच वर्षी आपल्या देशातही समान वेतनाचा कायदा झाला. तरी आमच्या बागेत बाईची मजुरी गड्यापेक्षा कमीच. वहिनीला मी एकदा विचारले, तर म्हणाली, "काम वेगळे असते." मी पुढे बोलले नाही, माहेरचे जेवण जेवत होते.

आता भावाच्या प्रश्नाकडे येते. डेफ्रेनला न्यायालयाचे दार होते, कारण ती फडातली. माझा भाऊ फडाबाहेरचा. त्याला तेथे मत नाही, पण कायदा त्याच्या घडावर लागू. औषधांचे एकेक आकडे आयोग ठरवतो आणि सभासद देशांच्या प्रतिनिधींच्या समितीपुढे ठेवतो. २००८ पासून सगळ्या संघाला एकच आकडे लागू आहेत. जेथे कोणी वेगळी मर्यादा मागितलेली नाही, तेथे एकदम ०.०१ मिलिग्रॅम. याच सीसीसीची गव्हातली मर्यादा मात्र द्राक्षाच्या कितीतरी पट आहे. कारण त्यांच्याकडे गव्हाची ताटे आडवी पडू नयेत म्हणून ते फवारतात. त्यांच्या शेतकऱ्याची गरज तेथे मांडली गेली, आमची मांडायला कोणी नव्हते.

हे ऐकून भाऊ चिडला, आणि त्याचे चिडणे मला पटते. पण भाच्याने एक गोष्ट शोधून काढली. त्याच कायद्यात बाहेरच्यांसाठीही वाट ठेवली आहे. बाहेरच्या देशाने किंवा व्यापाऱ्याने अर्ज करावा, औषध किती दिले, तोडणीआधी किती दिवस, फळात किती उरले, याच्या प्रयोगांचे कागद जोडावेत. इटलीत पार्मा येथील त्यांची अन्नसुरक्षा संस्था मत देते आणि मग मर्यादा ठरते. अर्थात हे दीड एकरवाल्याचे काम नव्हे. बागाईतदारांच्या संघांनी, संशोधन केंद्रांनी आणि सरकारने आधीपासून करायचे काम आहे ते. माल बंदरात अडकल्यावर त्याचा उपयोग नाही.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून वेगळे निघाले. आता त्यांची मर्यादांची यादी स्वतंत्र. म्हणजे आमच्या भावाला दोन दारच्या पाट्या वाचायच्या!

त्या वर्षापासून वहिनी फवारणीची वही स्वतः लिहिते. तारीख, औषध, प्रमाण, सगळे. निर्यातीच्या बागेला नोंदणी क्रमांक असतो, आणि रॉटरडॅमच्या पेटीवरून पिंपळगावचा तुकडा ओळखता येतो. जर्मनीतल्या एखाद्या बाईला आपल्या लेकराच्या हातातले द्राक्ष कोणत्या बागेतले, हे शोधायचे तर शोधता येते. याबद्दल मी त्या संघाला नावे ठेवणार नाही. उलट मला थोडा हेवा वाटतो.

मागच्या महिन्यात रविवार कारंज्यावर द्राक्षे घेताना मी गाडीवाल्याला विचारले, "बाग कुठली? फवारणी कधीची?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एक मणी पुढे करून म्हणाला, "मावशी, साखर आहे साखर. खाऊन तर बघा."

अर्धा किलो घेतली. घरी आणून मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवली, आणि मग नातवाला दिली.