दहा वर्षांत काही झालं नाही, म्हणजे?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी)



मागच्या महिन्यात कंपनीत कामाला जाणाऱ्या आपल्या सदस्यांशी आगीबद्दल बोलत होते. एक ताई म्हणाल्या, "अगं, आमच्या शेडला दहा वर्षं झाली, कधी काही झालं नाही." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन हिशोब मांडला. गणित माझंही कच्चंच, म्हणून सावकाश सांगते.

समजा, सारख्याच धोक्याच्या १०० शेड आहेत. दर वर्षी त्यांतल्या सरासरी एकीत मोठी आग लागते. १० वर्षांनी काय दिसेल? साधारण ९० शेडमध्ये काहीच झालेलं नसेल. नव्वद मालक छातीठोकपणे सांगतील, "आमच्याकडे असलं काही होत नाही." धोका मात्र सगळीकडे सारखाच होता.

७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यात, पिरंगुटजवळच्या उरवड्यात एका रसायन कंपनीला आग लागली. १७ कामगार गेले. त्यांत १५ बायका होत्या.

म्हणून अभ्यासक एकाच शेडच्या अनुभवावर जात नाहीत. सारखं काम चालणाऱ्या अनेक इमारतींच्या, अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करतात. आग किती वेळा लागली, कशाने लागली, किती वेळा सुरुवातीलाच विझली, नाही विझली तर माणसं बाहेर पडली का. आग लागण्याची शक्यता वेगळी मोजतात आणि लागलीच तर होणारं नुकसान वेगळं. मला विचाराल तर दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा. समजा १० पैकी ८ आगी लगेच विझल्या, तरी उरलेल्या दोनांत सगळं दारावर येतं. आणि मागच्या दाराला खोकी लावून ठेवलेली तुम्ही सगळ्यांनीच पाहिलीत!

मोठी आग क्वचित लागते. पण ठिणगी उडणं, वायर जळल्याचा वास, गरम झालेलं बटण हे वरचेवर होतं. ते मोजलं तर दहा वर्षं वाट बघावी लागत नाही. बचतीचा पै-पैचा हिशोब आपण लिहितोच, तशीच ही वही. तारीख, काय झालं, कुठे झालं, मागचं दार मोकळं होतं का.

काम जाईल ही भीती खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. म्हणून वहीत कुणाचंच नाव लिहायचं नाही आणि वही ग्रामसंघाकडे ठेवायची. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र मांडू. मालकाकडे कुणी एकटीने जायचं नाही, प्रभागसंघाचं पत्र घेऊन जाऊ.

बारा वह्या आज आणल्यात. चहा झाला की घेऊन जा.