मंदिर आणि माणसाचे मन



मंदिराचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला. परंतु जीर्णोद्धार जसा दगडांचा, तसा मनाचाही व्हावा लागतो. हा विषय केवळ कीर्तनाचा नव्हे. शास्त्रज्ञांनीही त्याचा विचार केलेला आहे.

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली, श्रद्धेमुळे खचलेल्या मनात काय पालट होतो, हे लोकांच्या स्वतःच्या अनुभवांवरून तपासले. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी त्यापूर्वी, १८९७ साली, आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. समाजाशी नाते तुटलेला माणूस लवकर ढासळतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

बीड जिल्ह्याला याचा अर्थ समजावून सांगणे नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निम्मे घर ऊसतोडीला जाते, मागे म्हातारी माणसे उरतात. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरेही याच जिल्ह्यात आहेत.

आपल्या महाराष्ट्रातील समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. भजन एक, पण जातीपरत्वे पंगती वेगळ्या, हे पाहून त्यांना वेदना झाल्या.

म्हणून महाप्रसादाची पंगत एकच असावी. आणि जो माणूस चार दिवस पारावर, देवळात दिसला नाही, त्याच्या दारी कोणीतरी जाऊन "का हो, बरे आहे ना?" एवढे विचारावे. देणगीदारांच्या पैशाचे आणि गावकऱ्यांच्या श्रमाचे चीज त्यातच आहे.