दुरुस्तीची हत्यारे कुठे ठेवावीत?



आपल्यापैकी अनेकजण तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करतात. आग विझवायचे सिलिंडर कुणी भट्टीच्या मागे टांगत नाही. ते दाराजवळ, पटकन हाताला लागेल असे असते. संगणकातल्या फाइल सिस्टिमची दुरुस्ती करणारी हत्यारेही याच नियमाने ठेवावी लागतात.

कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. लिहिणे चालू असताना वीज गेली की तो बिघडू शकतो. मग 'एफएससीके' तो तपासून दुरुस्त करते. 'एमकेएफएस' नवी फाइल सिस्टिम घालते, 'माउंट' ती जोडते. प्रश्न असा, की ही हत्यारे बिघडलेल्या डिस्कवरच असतील, तर काढायची कशी?

हा पेच जुना आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये पीडीपी-11 वर युनिक्स वाढले आणि पहिल्या डिस्कवर मावेना. उरलेले सामान दुसऱ्या डिस्कवर, 'यूएसआर' या डिरेक्टरीत गेले. पण दुसरी डिस्क जोडणारे 'माउंट' त्याच डिस्कवर ठेवले, तर ती जोडणार कोण? म्हणून सुरुवातीला आणि संकटात लागणारी हत्यारे मूळ डिस्कवर राहिली. त्यांतली संगणक-व्यवस्थापकाची हत्यारे पुढे 'एसबिन' या डिरेक्टरीत आली. 1994 मध्ये लिनक्ससाठी आलेल्या डिरेक्टरीरचनेच्या मानकानेही ही वाटणी मान्य केली.

आज 'यूएसआर' बहुधा वेगळ्या डिस्कवर नसते. लिनक्स-प्रणालींपैकी फेडोराने 2012 मध्ये, डेबियनने 2023 च्या बाराव्या आवृत्तीपर्यंत 'एसबिन'ला 'यूएसआर'मधल्या डिरेक्टरीचा नुसता दुवा केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवर उभी असल्याने हा निर्णय आपल्यालाही लागू होतो.

माझ्या मते हे एकत्रीकरण योग्य आहे. दोन जागी सामान असले की चुका वाढतात. पण जबाबदारी संपली नाही, ती हलली. मूळ डिस्क जोडण्याआधी मेमरीत उघडणाऱ्या 'इनिटरॅमएफएस'मध्ये दुरुस्तीचे हत्यार असलेच पाहिजे. फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली तर 'रेस्क्यू' नावाची वेगळी डिरेक्टरी ठेवते. तिथली हत्यारे दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नसतात, म्हणून 'यूएसआर' जोडले गेले नाही तरी ती चालतात.

म्हणून, व्यवस्थापक मित्रहो, फाइल सिस्टिमचे हत्यार पॅकेजमधूनच बसवा. स्वतः कंपाइल केलेले बहुधा 'यूएसआर-लोकल'मध्ये जाते आणि तिथून ते 'इनिटरॅमएफएस'मध्ये आपोआप पोहोचत नाही. 'माउंट' आपले साहाय्यक प्रोग्रॅम 'एसबिन'मध्येच शोधते, हेही लक्षात असू द्या.

आणि जागेइतकीच आवृत्ती महत्त्वाची. 2023 च्या 1.47 आवृत्तीच्या 'एमकेएफएस'ने नेहमीच्या सेटिंगवर घातलेली 'एक्स्ट-4' फाइल सिस्टिम जुने 'एफएससीके' दुरुस्त करायला नकार देते. तेव्हा संकटात मशीन चालू करायला ड्रॉवरमध्ये ठेवलेला जुना पेनड्राइव्ह शाबूत असला तरी निरुपयोगी ठरतो. सर्व्हरवरची आवृत्ती बदललीत की पेनड्राइव्हही नव्याने बनवा आणि त्यावरून एकदा मशीन चालू करून बघा. ही तालीम मशीन धडधाकट असताना करायची असते.