थडग्यातला सूर्य आणि ध्वजावरचा सूर्य



सिकंदराचे नाव भारतात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. इ.स.पू. ३२६ मध्ये वितस्तेच्या काठी तो पोरसाशी लढला आणि पुढे बियासच्या तीरावरून त्याच्याच थकल्याभागल्या सैन्याने त्याला माघारी फिरविले, एवढा इतिहास पाठ्यपुस्तकात येतो. हा सिकंदर नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र भारतीय मनाला सहसा पडत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात याच प्रश्नावरून दोन शेजारी देश एकमेकांसमोर उभे ठाकले. व्यापार थांबला, बंदराची दारे बंद झाली आणि एका नवजात राष्ट्राचा ध्वज संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रांगणात फडकू शकला नाही. या साऱ्या कलहाच्या मध्यभागी होते एक चिन्ह. सोळा किरणांचा सोनेरी सूर्य!

इतिहासातील चिन्ह उचलून आजच्या ध्वजावर बसविता येते काय, आणि बसविले तर त्याचे मोल काय मोजावे लागते, हे समजून घेण्यास या सूर्याची कथा फार उपयोगी आहे.

उत्तर ग्रीसमध्ये व्हर्जिना नावाचे एक लहानसे गाव आहे. प्राचीन मॅसिडोनियाची जुनी राजधानी ऐगाय याच ठिकाणी होती. तेथील एका विशाल मृत्तिकास्तूपाखाली राजांची थडगी असावीत, या विश्वासाने मानोलिस आंद्रोनिकोस हे पुरातत्त्वज्ञ उत्खनन करीत होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांना एक अभंग, चोरांचा हात न लागलेले थडगे सापडले. आत संगमरवरी पेटी, तिच्यात सोन्याची पेटी आणि त्या पेटीत दहन केलेल्या अस्थी. सोन्याच्या पेटीच्या झाकणावर सोळा किरणांचा सूर्य कोरलेला होता. या अस्थी सिकंदराचा पिता दुसरा फिलिप याच्या आहेत, असे आंद्रोनिकोस यांनी प्रतिपादन केले. त्या सिकंदराच्या सावत्र भावाच्या असाव्यात, असे मानणारेही विद्वान आहेत; तथापि थडगे राजघराण्याचे आहे, याविषयी दुमत नाही. सुमारे तेवीसशे वर्षे अंधारात राहिलेला तो सूर्य असा पुन्हा उजेडात आला.

त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत युगोस्लाव्हिया कोसळला. ८ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमताने त्याच्या दक्षिणेकडील घटक राज्याने स्वातंत्र्याचा कौल दिला आणि ‘मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ हे नाव धारण केले. ११ ऑगस्ट १९९२ रोजी त्याच्या संसदेने नवा राष्ट्रध्वज स्वीकारला. लाल पार्श्वभूमी आणि मधोमध व्हर्जिनाचा सोळा किरणांचा सूर्य.

या निर्णयाकडे केवळ चोरी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्या लोकांची व्यथा खरी होती. मॅसिडोनिया या भूप्रदेशाची १९१३ मध्ये ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांनी आपापसांत वाटणी केली. सर्बियाने आपल्या वाट्याच्या भूमीला ‘दक्षिण सर्बिया’ म्हटले, बल्गेरियाने तेथील लोक बल्गेरियनच असल्याचे सांगितले. ज्यांचे अस्तित्वच शेजारी नाकारतात, अशा समाजाला कोणीही नाकारू शकणार नाही इतके जुने आणि तेजस्वी काहीतरी हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. आणि फिलिप-सिकंदराहून तेजस्वी दुसरे काय असणार?

परंतु इतिहास सोयीचा नव्हता. या देशातील बहुसंख्य लोकांची भाषा स्लाव्ह कुळातील आहे आणि स्लाव्ह टोळ्या बाल्कन प्रदेशात आल्या त्या इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, म्हणजे सिकंदरानंतर सुमारे नऊ शतकांनी. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव यांनी स्वतःच, आपण स्लाव्ह आहोत आणि सिकंदराशी आपले नाते नाही, असे प्रांजळपणे सांगितले होते. थडगे तर सीमेपलीकडे, ग्रीसच्या भूमीत होते.

ग्रीसमध्ये संतापाची लाट उसळली. देशाच्या नावावरून थेस्सालोनिकी शहरात १९९२ च्या फेब्रुवारीतच लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. ध्वजाने त्या आगीत तेल ओतले. ग्रीकांना हे केवळ सांस्कृतिक अपहरण वाटले नाही. त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे नावही मॅसिडोनियाच. त्या प्रांतातील राजाच्या थडग्यावरचे चिन्ह शेजाऱ्याने राष्ट्रध्वजावर घेतले, याचा अर्थ उद्या तो भूमीही मागणार, असा त्यांनी लावला. ध्वज उभारणारा त्यात आपला भूतकाळ पाहतो. शेजारी त्याच ध्वजात आपला भविष्यकाळ वाचतो.

मग जे घडले ते विलक्षण होते. एप्रिल १९९३ मध्ये या देशाला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले, पण ‘माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ या तात्पुरत्या नावाने, आणि मुख्यालयासमोरच्या ध्वजांच्या रांगेत त्याचा सूर्य लागला नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी लादली. अन्न आणि औषधांखेरीज सर्व मालाला थेस्सालोनिकीचे बंदर बंद झाले. हा देश भूवेष्टित. उत्तरेला सर्बियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध, दक्षिणेला ग्रीसची बंदी. इंधनासकट सारे काही लांबच्या, महागड्या मार्गाने आणावे लागले. ध्वजावरच्या एका चिन्हाची किंमत सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचली.

अखेर १३ सप्टेंबर १९९५ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मुत्सद्दी सायरस व्हान्स यांच्या मध्यस्थीने अंतरिम करार झाला. ध्वजावरील सूर्य काढण्याचे एका पक्षाने मान्य केले, बंदी उठविण्याचे दुसऱ्याने. ३ ऑक्टोबरला ग्लिगोरोव यांच्यावर बॉम्बहल्ला झाला, त्यात त्यांचा एक डोळा गेला. दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, संसदेने नवा ध्वज संमत केला. त्यावरही सूर्यच आहे, पण आठ रुंद किरणांचा.

येथे न्यायाच्या तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. ग्रीसने हे चिन्ह आपले अधिकृत राष्ट्रीय चिन्ह म्हणून घोषित केले ते फेब्रुवारी १९९३ मध्ये, म्हणजे शेजाऱ्याने ते उचलल्यानंतर! आपल्या घरातील ठेव्याचे मोल दुसऱ्याने हात घातल्यावर कळावे, हा अनुभव केवळ ग्रीकांचा नाही. शिवाय पुढे २००८ मध्ये ग्रीसने या देशाचा ‘नाटो’तील प्रवेश रोखला, तेव्हा ते अंतरिम कराराचे उल्लंघन असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये दिला. ज्याची बाजू इतिहासात बळकट, त्याचे प्रत्येक पाऊल न्याय्यच असते असे नव्हे.

दुसऱ्या बाजूचा हट्टही संपला नव्हता. ध्वजावरून सूर्य गेला, पण राजधानी स्कोपिये येथील विमानतळाला सिकंदराचे नाव दिले गेले आणि २०११ मध्ये शहराच्या मुख्य चौकात घोड्यावर स्वार झालेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभा राहिला. नाव ‘अश्वारूढ योद्धा’. तो कोण, हे कोणालाच विचारावे लागत नव्हते. शेवटी १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी करार होऊन ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव ठरले. आपली भाषा आणि वारसा प्राचीन ग्रीक संस्कृतीशी संबंधित नाही, हे या देशाने लेखी मान्य केले आणि सार्वजनिक ठिकाणांवरूनही व्हर्जिनाचा सूर्य हटविण्याचे वचन दिले. २७ मार्च २०२० रोजी तो ‘नाटो’चा सदस्य झाला. परदेशांतील त्याच्या वसाहतींतून आणि देशातील मोर्चांतून तो जुना ध्वज आजही दिसतो, पण आता तो राष्ट्राचा नाही, एका गटाच्या रोषाचा ध्वज आहे. सर्वांना जोडण्यासाठी घेतलेले चिन्ह अखेरीस एका पक्षाची खूण होऊन उरले, ही या कथेतील खरी शोकांतिका होय.

या कथेचा बोध काय? इतिहासाकडून चिन्ह घेऊच नये, असा तो नाही. सारी राष्ट्रे ते घेतात. भेद आहे तो खणून काढलेल्या आणि जपलेल्या चिन्हात. ज्या चिन्हाखाली पिढ्या जगल्या, लढल्या, ज्याला त्यांनी सणावारी वंदन केले, ते चिन्ह समाजाच्या रक्तात असते. त्यासाठी दाखला शोधावा लागत नाही. वारकऱ्याच्या खांद्यावरील भगवी पताका कोणत्याही उत्खननात सापडलेली नाही. ती दर आषाढीला पंढरीच्या वाटेवर चालत असते.

याच दृष्टीने एक अलीकडील प्रसंग पाहण्याजोगा आहे. भारतीय नौदलाच्या ध्वजावर स्वातंत्र्यानंतरही सेंट जॉर्जचा क्रूस होता. २००१ मध्ये तो काढला गेला, पण नव्या ध्वजावरील निळे बोधचिन्ह समुद्र आणि आकाशाच्या निळाईत ओळखू येईना, म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्या समारंभात नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील अष्टकोनाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची आहे. या अष्टकोनावर कोणा शेजाऱ्याने हक्क सांगितला नाही, कोणाला त्यात आपल्या भूमीवरचा दावा दिसला नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी करणाऱ्या राजाचे नाते भारतीय आरमाराशी सिद्ध करण्यासाठी कोणत्याही थडग्याचे झाकण उचलावे लागले नाही.

तथापि येथेच सावध राहिले पाहिजे. ती राजमुद्रा स्वतःविषयी जे सांगते, त्यात लोककल्याणाचा उच्चार आहे. मुद्रा घेतली की तो शब्दही घेतला जातो. पूर्वजांचे चिन्ह मिरविणे सोपे, त्या चिन्हाखाली त्यांनी केलेले कार्य पुढे नेणे कठीण. जो समाज पहिले करतो आणि दुसरे टाळतो, त्याचा ध्वज कितीही प्राचीन असो, तो व्हर्जिनाच्या सूर्यासारखा उसना ठरतो. आणि जो ध्वज अवघ्या समाजाचा आहे, तो एखाद्या गटाची मिरास होऊ न देणे, हेही त्याच्या उपासकांचेच कर्तव्य आहे.

थडग्यातला सूर्य सोन्याचा होता, पण त्याने कोणाच्या घरी उजेड दिला नाही. ध्वजावरचा सूर्य उजेड देतो तो त्याखाली उभ्या राहिलेल्या माणसांच्या कर्तृत्वाने. ध्वजाला वंदन करताना एवढे भान राहिले, तरी ते वंदन सार्थ होईल.