बांधावरच्या करवंदाला बाजार हवा



भडगावात फळशेतीवर बोलायचे तर केळी, लिंबू आणि मोसंबी यांचा मान पहिला. आजच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय मात्र इथल्या आडतीवर क्वचितच दिसणारे एक फळ आहे. हे फळ म्हणजे करवंद. कमी जमीन, कमी पाणी आणि बांधाला कुंपण नाही, अशा अल्पभूधारक कुटुंबासाठी या काटेरी झुडपाचा गंभीरपणे विचार व्हायला हवा.

नव्या पिकाची परीक्षा घेणे या गावाला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशचे सरकारी प्रायोगिक शेत याच भडगावला होते. 1872 च्या महापुरात गिरणेने गावाची मोठी हानी केली, तरी शेती उभी राहिली. पुढे 1969 मध्ये गिरणा धरण पूर्ण झाले आणि कालव्याखालच्या काळ्या जमिनीत ऊस-केळी आली. पण तालुक्यातली सगळीच जमीन काळी नाही आणि सगळ्याच शिवारात कालवा पोहोचलेला नाही. बरड, मुरमाड तुकड्यावर कापूस गेला की पुढे काय, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्याला दरवर्षी पडतो.

थंड देशांत लहान, आंबट फळांची शेती कशी उभी राहिली, हे आधी पाहिले पाहिजे. ब्रिटनमधले ब्लॅककरंट हे त्याचे बोलके उदाहरण. काळेभोर, मण्याएवढे, आंबटढाण फळ. ताजे म्हणून ते फारसे कोणी खात नाही. 1938 मध्ये त्याच्या रसाचे ‘रायबीना’ हे पेय बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा क जीवनसत्त्वासाठी मुलांना ब्लॅककरंटचे सरबत देण्यात आले आणि फळाचे नशीब पालटले. आजही तिथल्या पिकाचा फार मोठा हिस्सा या एकाच पेयासाठी करार करून घेतला जातो. लागवड करतानाच फळ कोण घेणार, हे त्या शेतकऱ्याला माहीत असते.

ते झुडूप मात्र आपल्याकडे चालणार नाही. ब्लॅककरंटला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, तेव्हाच त्याचे डोळे फुटतात. जळगावचा उन्हाळा पारा 45 अंशांपर्यंत नेतो. परदेशी फळाची रोपे कोणी आकर्षक जाहिरात करून विकू लागला, तर खानदेशातल्या शेतकऱ्याने त्यात एक रुपयाही घालू नये.

आपल्याकडे त्याची जागा करवंद घेऊ शकते. इंग्रजीत त्याला ‘बंगाल करंट’ असेही म्हणतात. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर ते आपोआप वाढते. दुष्काळ सोसते, हलक्या जमिनीत तग धरते, पाने सदाहरित ठेवते, आणि दुहेरी काट्यांमुळे जनावर त्याच्या वाटेला जात नाही. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असते, म्हणून जेली घट्ट बसते. लोणचे, मुरंबा, सरबत, चटणी हे प्रकार घराघरांत ठाऊक आहेतच.

एक उपयोग मात्र पुष्कळांना माहीत नाही. केकवर, आइस्क्रीमवर आणि पानात जी लालभडक ‘चेरी’ दिसते, ती पुष्कळदा खरी चेरी नसून करवंद असते. फळ पूर्ण पिकण्याआधी तोडतात, बी काढतात, मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग खाण्याचा रंग देऊन साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने गोडवा चढवतात. बेकरीला हा माल बारा महिने लागतो. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांत मऊ पडते. चेरीसाठी, लोणच्यासाठी मात्र कच्चे फळच लागते आणि ते काही दिवस टिकते. ज्या पिकाचा टिकाऊ माल कच्च्या फळापासून होतो, त्या पिकाच्या शेतकऱ्याला व्यापाऱ्यापुढे थोडा वेळ मिळतो. लहान शेतकऱ्याला नेमका हाच वेळ कधी मिळत नाही.

आता शेतातल्या गोष्टी. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर चारही बांध मिळून सुमारे 250 मीटर भरतात. मीटरभर अंतराने 250 झुडपे बसतात. स्वतंत्र, मोकळ्या वाढलेल्या झाडापासून 3 ते 5 किलो फळ मिळते. कुंपण छाटून दाट ठेवावे लागते, म्हणून तिथे झाडामागे दोनच किलो धरावेत. तरी पाच क्विंटल फळ होते आणि मधली जमीन कपाशीला किंवा ज्वारीला मोकळी राहते. ही गणिताची बेरीज आहे, उत्पन्नाची हमी नव्हे. बियांपासून केलेले झाड फळावर यायला दोन-तीन वर्षे घेते आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला पाणी द्यावेच लागते. रानात वाढते म्हणून रोप लावून विसरून जाणाऱ्याच्या पदरी वाळलेल्या काड्या येतील.

रोप निवडताना अधिक सावध राहावे लागते. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ताज्या फळातले बी लगेच पेरतात. पण बियांच्या रोपात सारखेपणा नसतो. कुणाचे फळ पांढरट-गुलाबी, कुणाचे काळे, कुणाचे अगदी बारीक. कुंपणासाठी ते चालेल. कारखान्याला किंवा बचत गटाला माल द्यायचा असेल, तर फळ एकसारखे हवे, आणि त्यासाठी चांगल्या झाडाची गुटी किंवा छाट कलमे घ्यावी लागतील. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिली आहे. ती गिरणाकाठच्या उन्हात कशी येते, याची पाहणी इथल्या शेतांवर व्हायला हवी.

तोडणी हे या पिकाचे खरे दुखणे आहे. काटे आणि चीक, दोन्ही हाताला लागतात. हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात, आणि त्यांची मजुरी हिशेबात न धरता केलेला नफ्याचा आकडा खोटा आहे. हातमोजे, लांब बाह्या, उथळ कॅरेट आणि दर किलोला ठरलेली मजुरी, एवढे तरी आधी ठरले पाहिजे.

आणि बाजार? 1990 साली राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आणली. बोर, डाळिंब, सीताफळ, आवळा माळावर चढले. योजना मोठीच होती. पण आवळ्याच्या बाबतीत पुढे काय झाले, ते अनेक गावांनी पाहिले. झाडे फळांनी लगडली, घेणारा मिळेना, आणि बागा तोडल्या गेल्या. झाड लावायला अनुदान होते. फळ घेणारा कारखाना मात्र जवळ नव्हता.

याउलट उदाहरण जळगावातच घडले. 1978 मध्ये वाकोदच्या भवरलाल जैन यांनी बंद पडलेला केळी पावडरचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. फळाच्या जोडीने चिकालाही किंमत आली आणि शेतकऱ्याच्या हाती दुसरे उत्पन्न पडले. आधी यंत्र आणि खरेदीदार, मग लागवडीचा विस्तार, हा क्रम जळगाव जिल्ह्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. मग करवंदाच्या बाबतीत तो उलटा का करायचा?

करवंदाचा कारखाना फार मोठा असण्याची गरज नाही. केंद्राच्या 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र उद्योगाला खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. जळगाव जिल्ह्यासाठी त्या योजनेत केळी हे उत्पादन ठरलेले आहे, म्हणून बँकेत आणि कृषी कार्यालयात करवंदाचा प्रस्ताव नेमका मांडावा लागेल. एखाद्या महिला बचत गटाला भट्टी, पाकाची कढई, मीठपाण्याच्या टाक्या आणि अन्न परवाना एवढ्यावर लोणचे व चेरी सुरू करता येईल का, याचा हिशेब शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मांडावा. आसपासच्या बेकऱ्यांना वर्षाला किती चेरी लागते आणि ती आज कुठून येते, ही विचारपूस तर फोनवरही होते.

या परिषदेला म्हणून एक विनंती आहे. कोणीही यंदा एकदम एकरभर करवंद लावू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका बांधावर 25 रोपे लावा, त्यातली काही कलमाची आणि काही बियांची ठेवा, आणि पाणी, मजुरी व फळ यांची नोंद वहीत करा. आणि रोपे जमिनीत जाण्यापूर्वी बेकरीवाला, लोणच्याचा व्यापारी किंवा बचत गट, यांपैकी एकाशी तरी भावाविषयी बोलून घ्या.