पाइप बदलताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



गच्चीच्या टाकीतून खाली येणारे आपले जीआय पाइप इमारतीएवढेच, पंचवीस वर्षांचे आहेत. सकाळी पहिली बादली तांबूस येते. (त्यातून पोटात लोह जातं, असं म्हणणारे आमच्या विंगमध्ये आहेत!) पाइप बदलायला कोणाचाच विरोध नाही. अडलंय ते प्लॅस्टिकवर. ‘पोरांना रोज प्लॅस्टिकमधलं पाणी पाजायचं का?’ हा काही भगिनींचा प्रश्न रास्त आहे.

पीव्हीसी तापवून पाइप ओढताना ते जळू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. पूर्वी त्यासाठी सर्रास शिसं वापरत. ते थोडं थोडं पाण्यात उतरतं, रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात जास्त. आणि लहान मुलांसाठी शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानलेली नाही. २०२१ साली केंद्र सरकारने नियम करून या वापरावर मर्यादा घातली. कॅल्शियम-झिंकचा पर्याय आता आहे. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘पीव्हीसी पाइप’ लिहिलेलं चालणार नाही. थंड पाण्याला आयएस ४९८५, गिझरच्या लाइनला सीपीव्हीसी, आयएस १५७७८. हे आकडे पाइपावर छापलेले हवेत, शिवाय शिसं नसल्याचं लेखी पत्र हवं. आपल्याकडे आलेल्या सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये यातलं काहीच नाही. ते नाकारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गच्चीवर उन्हाने पाइप ठिसूळ होतो, तिथे पाण्यात मिसळणारा पांढरा रंग लावून घ्यावा. प्लंबरला स्टोव्हवर पाइप तापवून वाकवू देऊ नका, एल्बो लावायला सांगा. जोडाचं सोल्युशन वाळलं की वास जाईपर्यंत पाणी सोडून द्यावं, मगच पिण्यासाठी भरावं.

आता पर्यावरण. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, ते मिठापासून मिळतं, म्हणजे खनिज तेल तेवढं कमी लागतं. शिवाय पाइप काही पिशवीसारखा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जात नाही, दशकानुदशकं टिकतो. पण जाळला तर तेच क्लोरीन आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन होऊन बाहेर पडतं. थंडीत गेटवर शेकोटी पेटते, त्यात तुकडे जाता कामा नयेत. जुन्या लोखंडाला भंगारवाला पैसे देईल, या तुकड्यांना कोणी विचारणार नाही. तेव्हा उरलेला माल ठेकेदाराने परत न्यावा, असं करारातच लिहून घ्यावं आणि तोवर जिन्याखाली एक पोतं ठेवावं.