कंबर सांभाळा, मंडळी!

जुलै २०२१ ला सावित्रीचा पूर ओसरल्यावर आपण महाडकरांनी वाकून वाकून चिखल उपसला. पोलादपूरकडे बायका लावणीला दिवसभर वाकतात. मग कंबर धरते.

दोन मणक्यांमध्ये पुढे गादी, मागे डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात. काहींचे हे सांधे एकसारखे नसतात. तो आजार नव्हे. पण कंबर वळवून ओझं उचललं, की गादीवर पीळ कमी-जास्त पडू शकतो. म्हणून गुडघ्यात वाका, बादली अंगाशी धरा, वळताना पाय फिरवा.

सरकलेली गादी बहुतेकांना काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरी वाटते. मात्र पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर मणका बसवणाऱ्याकडे नको. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.